सात शेळ्यांची धार

सूस, २३ नोव्हेंबर

प्रिय आशाताई,

तुमच्या गौरवग्रंथासाठीचा माझा लेख अजून शरदचंद्र सरांच्या हाती पडलेला नाही, हे त्यांनी तुम्हाला सांगितलं असेलच. मी त्यांना आधी दिवाळीचं कारण दिलं, मग ऑफिसचं. दोन्ही खोटी होती. लेख अर्धा लिहून झाला होता आणि मी तो फाडला. विषय त्यांनीच दिला होता : आपल्या संधिवात सर्वेक्षणाच्या आठवणी, दीड हजार शब्द, जमल्यास एखादा गमतीदार प्रसंग. त्यासाठी मी माळ्यावरून २००९च्या डायऱ्या खाली काढल्या. त्या काढल्या नसत्या तर बरं झालं असतं, असं इथे लिहिणार होते. पण मला तसं वाटत नाही, म्हणून लिहीत नाही.

आपली सुरुवात आठवते का? मी तीस वर्षांची, संख्याशास्त्राची पदवी घेऊन घरी बसलेली, आणि तुम्ही मला मुळशीतले धनगरवाडे फिरायला लावलंत. प्रश्नावलीत एक प्रश्न होता : सकाळी उठल्यावर बोटं किती वेळ आखडलेली असतात? एक तासाहून जास्त असेल तर खऱ्या संधिवाताचा संशय धरायचा आणि त्या बाईचं रक्त तपासायचं. कमी असेल तर ते कामाचं दुखणं, तिला तिथेच सोडायचं. बायका उत्तर द्यायच्या, पण मिनिटांत नाही. कुणी म्हणायची, चूल पेटंस्तोवर. कुणी म्हणायची, शेळ्यांची धार हुईस्तोवर. सर वैतागले होते. तुम्ही मात्र दोन दिवस विचार केलात आणि म्हणालात, बायका बरोबर सांगताहेत, आपल्यालाच त्यांचं घड्याळ वाचता येत नाही. कोणत्या कामाला किती वेळ लागतो ते मोजून तक्ता कर. मला अजूनही वाटतं की त्या सगळ्या कामातला सर्वांत सुंदर विचार तोच होता.

मी तक्ता केला. कासारसाईच्या धरणावरच्या वाड्यात चिमाबाईंकडे धार मोजली. त्या तेव्हा पंचेचाळिशीच्या होत्या, आज मी आहे तेवढ्याच. मी घड्याळ काढल्यावर त्यांनी स्वतःचे हात पदराखाली घेतले आणि म्हणाल्या, माझं काय मोजतीस बये, माझ्या सुनंचं मोज, लई सपासप काढती. वैभवी नुकतीच लग्न होऊन आलेली. तिने सात शेळ्यांची धार अठ्ठावीस मिनिटांत काढली आणि चिमाबाईंनी अशा तोऱ्याने माझ्याकडे पाहिलं की मीच टाळ्या वाजवल्या. पुढे प्रत्येक वाड्यात हेच झालं. पुण्याहून बाई घड्याळ घेऊन आली म्हटल्यावर जिने तिने आपल्या घरातले सर्वांत चपळ हात पुढे केले. मी ते मोजले, सरासरी काढली आणि तक्त्यात लिहिलं : सात शेळ्यांची धार, अठ्ठावीस मिनिटं.

त्यानंतरचं तुम्हाला माहीतच आहे. शोधनिबंध छापून आला. मेंढपाळ बायकांमध्ये खरा संधिवात फार कमी आढळतो, हा आपला निष्कर्ष गाजला आणि तक्ता त्याहून गाजला. कुठेकुठे लोकांनी तो उचलला. कुणी उंट पाळणाऱ्यांसाठी बदलून घेतला, कुणी डोंगरातल्या शेतकरणींसाठी. परवा पाहिलं तेव्हा त्या निबंधाचा संदर्भ चारशे बारा ठिकाणी होता. लेखकांत तिसरं नाव माझं आहे. ते तुम्ही सरांशी भांडून घातलंत. जिने मोजलं तिचं नाव हवं, असं म्हणाला होतात. आईने तो अंक कपाटात साड्यांमध्ये जपून ठेवला होता.

आता डायरी. १७ फेब्रुवारी २००९, धार मोजण्याच्या आठवडाभर आधीची नोंद, जशीच्या तशी उतरवते. 'सहा वाजून पाच मिनिटांनी वाड्यात. चिमाबाई धारेला बसलेल्या. सून माहेरी. आता होईल मग होईल करत दगडावर बसून पायाला मुंग्या आल्या. सव्वासातला धार संपली तेव्हा कुठे चहा आणि प्रश्न.' हे मी कुरकुर म्हणून लिहिलं होतं. त्याच दिवशीच्या प्रश्नावलीत चिमाबाईंचं उत्तर आहे : धार हुईस्तोवर बोटं मिटत न्हाईत. आणि समोर, नंतर तक्त्यावरून भरलेलं, माझ्या अक्षरात : अठ्ठावीस मिनिटं.

ताई, मी ते वाचून स्वयंपाकघरात गेले, कुकर लावला, परत आले आणि पुन्हा वाचलं. ज्या बाईची बोटं आखडलेली, तिची धारही लांबणारच. मी निरोगी सुनेच्या हातांनी आजारी सासूची सकाळ मोजली. चिमाबाईंच्या सत्तर मिनिटांची अठ्ठावीस झाली, म्हणून त्यांचं रक्त कुणी घेतलं नाही. आपल्याला खरा संधिवात कमी आढळला, कारण ज्यांना तो असेल त्यांनाच आपण चाळणीच्या बाहेर ठेवलं.

तुम्ही विचाराल ते मी स्वतःला आधीच विचारलंय. एका सकाळच्या नोंदीवरून एवढं बोलायचं का? म्हणून सगळ्या डायऱ्या वाचल्या. 'धार हुईस्तोवर' सांगणाऱ्यांपैकी तेवीस जणींकडे मी धार संपायची वाट बघत बसले होते आणि दोन्ही वेळा लिहून ठेवल्या होत्या. त्यांतल्या एकोणीस जणींना तासाहून जास्त वेळ लागला होता. काहींचा वेळ पाहुणी आल्यामुळे, पोर रडल्यामुळे गेला असेल, तेही मी बाजूला काढलं. तरी चौदा उरतात. यात माझा काही राग आहे का, चारशे बारांमध्ये मला कुणी ओळखत नाही म्हणून ही खाज सुटली आहे का, हेही तीन दिवस डायरीत लिहून पाहिलं. थोडी असेल. पण ती असली म्हणून चौदाचा आकडा बदलत नाही.

आज सकाळी कासारसाईला गेले होते. माण गावाच्या पुढे आता रस्त्याची ओळख पटत नाही, पण धरणावरचा वाडा तिथेच आहे. चिमाबाईंनी ओळखलं. म्हणाल्या, एवढ्या वर्सांनी आलीस आन पुन्यांदा घड्याळच घिऊन? त्यांची बोटं करंगळीकडे कलली आहेत. चहाचा पेला त्या दोन तळव्यांमध्ये धरून पितात. मी झालेलं सगळं सांगितलं, माफी मागितली. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, तुजं घड्याळ चुकलं आसंल, माजं न्हाई. मी तवाच सांगितलं व्हतं, मिटत न्हाईत म्हून. मग वैभवीकडे हात करून म्हणाल्या, आता हिचं बघ. आठ महिनं झालं, हिचं बी सुरू झालंय.

वैभवी हसत होती. ती आता सदतीसची आहे. दोन्ही हातांची मधली पेरं सुजलेली. आता मला बी येळ लागतो ताई, म्हणाली, शेळ्या पाय आपटाय लागत्यात. ती दवाखान्यात जाऊन आली होती. तिथल्या तरुण डॉक्टरने नीट विचारपूस केली, कधीपर्यंत आखडतात विचारलं. ती म्हणाली, धार हुईस्तोवर. त्याने मोबाइलवर तक्ता पाहिला, हसून म्हणाला की मावशी, अर्ध्या तासाच्या आतलं आहे, कामाचं दुखणं आहे, आणि मलम दिलं. त्या डॉक्टरचं काही चुकलं नाही. त्याने आपला निबंध वाचला होता. ती अठ्ठावीस मिनिटं तिचीच होती, ताई, बावीस वर्षांच्या तिची, आणि तिलाच परत मिळाली.

तिथूनच सरांना फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकलं, मग म्हणाले, मेधा, समारंभाला वीस दिवस राहिलेत आणि तू आत्ता धार काढायला निघालीस? नंतर समजुतीने म्हणाले, प्रत्येक जुन्या अभ्यासात काहीतरी उणं असतं, पुढचे लोक सुधारतात, ज्ञान असंच पुढे जातं. आशाताईंचं वय बघ. चारशे बारा लोकांनी मान्य केलेली गोष्ट तुझ्या दिनचर्येच्या वहीने पडत नसते. मी म्हणाले, सर, चारशे बारा लोकांनी ती मोजलेली नाही, फक्त लिहिली आहे. मोजली मी होती. त्यावर त्यांनी विचारलं, यातून तुला काय मिळणार? वैभवी शेजारी उभी राहून चरवी घासत होती, दोन्ही मनगटांनी.

तुमच्या वयाचं कारण मला पटलेलं नाही. एकाहत्तराव्या वर्षी तुम्हाला खरं सोसणार नाही, असं समजणं म्हणजे तुमचा अपमान आहे, गौरव नाही. तुमच्या नावाने ग्रंथ निघतोय तो खोट्या अठ्ठावीस मिनिटांवर उभा राहू नये, एवढंच मी म्हणते. तुमचा विचार खरा होता. बायकांचं घड्याळ वाचायला तुम्हीच शिकवलंत. चुकीचे हात मी मोजले, आणि ते मी माझ्या नावानिशी सांगणार आहे.

तर हे पत्र परवानगीसाठी नाही. जर्नलच्या संपादकांना दुरुस्तीचं पत्र मी तासाभरापूर्वी पाठवलं, तेवीस नोंदींच्या छायाप्रती जोडून. खाली फक्त माझं नाव आहे. वर पहिल्या ओळीची जागा तुमच्या नावासाठी मोकळी ठेवली आहे आणि मुख्य संशोधकांना कळवत आहे असं त्यात लिहिलं आहे. ती ओळ भरायची की नाही ते तुमचं. नाही भरलीत तरी पत्र परत घेणार नाही. पण लिहिण्याचं खरं कारण दुसरं आहे. वैभवीचं रक्त आज तपासायला दिलंय. कधीकधी रक्तात काही दिसत नाही आणि बोटांत असतं, हे तुमच्याकडूनच शिकले. सुरुवातीच्या एक-दोन वर्षांत औषध मिळालं तर हात वाचतात, हेही तुमचंच. तिचे आठ महिने गेलेत. पेरं चाचपून सूज ओळखणारं तुमच्याइतकं कुणी मला माहीत नाही. आणि ताई, आपण त्या वाड्यावर इतक्या वेळा गेलो, पण तुमची गाडी नेहमी दहानंतर यायची. धारेच्या वेळी तुम्ही तिथे कधीच नव्हतात. गुरुवारी पहाटे पाचला मी तुमच्या दारात गाडी घेऊन उभी असेन. रागावला असलात तरी त्या रागासकट या. चिमाबाईंनी निरोप दिलाय, तो तसाच पोचवते : डागतरीणबाईला म्हणावं, घड्याळ नगं आणू, हात घिऊन ये.

तुम्ही शिकवलेली आणि म्हणूनच ऐकत नसलेली,
तुमचीच मेधा