नुकसान पाहायला कृपया येऊ नये

प्रति,
मा. तालुका कृषी अधिकारी साहेब,
तालुका कृषी कार्यालय,
जि. वर्धा

अर्जदार: भैय्याजी डोमाजी साटोणे, वय ५८, धंदा भाजीपाला शेती

विषय: अतिवृष्टीत पडलेल्या टमाट्यांच्या पंचनाम्यास आता कोणीही येऊ नये, तसेच मला माझ्या वावराला हात लावण्याची परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ: कोणीतरी यावे म्हणून केलेले माझे तीन अर्ज, दि. २२ सप्टेंबर, १३ ऑक्टोबर व १० नोव्हेंबर २०२५.

महोदय,

आपल्या कार्यालयातून कोणीतरी यावे म्हणून मी तीन अर्ज केले. हा चौथा अर्ज कोणी येऊ नये म्हणून आहे. असे का, ते क्रमाने सांगतो.

१. दि. १७ सप्टेंबर रोजी दुपारी जो पाऊस झाला, त्यात माझ्या अर्ध्या एकरातील तोडणीला आलेले टमाटे बांबू-तारेसह आडवे झाले. दुसऱ्या दिवशी कृषी सहायक श्री. अनुप साहेब रस्त्यात भेटले. मोटारसायकल बंद न करता ते म्हणाले, "काका, पंचनामा होईपर्यंत वावराले हात लावू नोका." सरकारी माणसाचा शब्द मी आजवर मोडलेला नाही. मी हात लावला नाही.

२. अनुप साहेबांनी प्रयत्न केले नाहीत, असे माझे म्हणणे नाही. पहिल्या खेपेस त्यांची गाडी नाल्याजवळच्या काळ्या मातीत रुतली. ती माझ्याच बैलांनी ओढून काढली आणि साहेब चहा घेऊन परत गेले. दुसऱ्या खेपेस ते वावराच्या धुऱ्यापर्यंत, म्हणजे बांधापर्यंत पोचले, परंतु आभाळ भरून आल्याने पंचनाम्याच्या फोटोसाठी मोबाईलला ठिकाण सापडेना. तो आम्हा दोघांना हिंगणघाटच्या नदीपात्रात उभे दाखवत होता. तिसऱ्या खेपेस ऊन, रस्ता व मोबाईल तिन्ही उत्तम होते, पण त्या दिवशी साहेबांचे प्रशिक्षण निघाले. प्रशिक्षण हवामानाविषयी होते असे समजते.

३. दरम्यान शेजारी बापूराव यांनी आपले पडलेले टमाटे उपटून तेथे मेथी लावली, विकली आणि पुन्हा लावली. मी मात्र रोज सकाळी जाऊन नुकसान आहे तसे आहे, याची खात्री करून घरी येत होतो. बकऱ्या नुकसान खाऊ लागल्या, तेव्हा राखण केली. बापूराव रोज धुऱ्यावरून विचारतात, "काय म्हन्ते भैय्याजी, तुमचं सरकारी वावर?" मला याचा फार राग येतो. निंदणाला येणाऱ्या अनुसयाबाईंनी तर माझ्याकडे येणेच बंद केले आहे. "सरकारी भानगड हाय, उद्या कोर्टात कोन जाईन?" असे त्यांचे म्हणणे.

४. आता मुख्य अडचण. सडून पडलेल्या टमाट्यांचे बी जागच्या जागी उगवले. मी ते उपटले नाही, कारण हात लावायचा नव्हता. पाणी दिले नाही, खत दिले नाही, फवारणी केली नाही. काळ्या मातीने ओल धरली, दव आणि थंडी त्याला मानवली. आजमितीस माझ्या नुकसानीला भरपूर फळ लागलेले असून ते लाल झाले आहे. तीस वर्षे राबून मी असे पीक कधी घेतले नाही, हे लिहिताना मला लाज वाटते.

५. अशा वेळी कोणी पंचनाम्यास आले, तर "नुकसान नाही" असेच लिहिले जाईल आणि मी तीन अर्जांत खोटे बोललो असे ठरेल. मदत मला नको, ती मी सोडली. पण खोटारडा म्हणवून घेऊन गावात राहणे मला जमणार नाही. तरी कोणी येऊ नये आणि "हात लावा" एवढेच कळवावे. त्यासाठी कागदही नको. मनाई तोंडी होती, ती तोंडीच उठवावी. अनुप साहेबांनी रस्त्याने जाताना गाडी बंद न करता नुसती मान हलवली तरी मी समजून घेईन. मात्र कालपासून पुन्हा ढग जमत आहेत. पाऊस आला तर हेही पीक आडवे होईल आणि मला पहिल्या अर्जापासून सुरुवात करावी लागेल.

६. हा अर्ज लिहीत असतानाच माझी पत्नी सौ. गोपिका वावरातून दोन क्रेट टमाटे तोडून घरी आली. मी आदेशाची आठवण करून दिली असता, "आदेश तुमाले होता, मले नाई," असे तिने सांगितले आणि ती बाजाराच्या तयारीला लागली. गेल्या तीन महिन्यांत ही गोष्ट मला, अनुप साहेबांना किंवा आपल्या कार्यालयाला सुचली नव्हती. तिला काय उत्तर द्यावे, याबाबत मार्गदर्शन व्हावे.

आपला आज्ञाधारक (गरजेपेक्षा जास्तच),
भैय्याजी डोमाजी साटोणे
दि. २२ डिसेंबर २०२५

सोबत:
१) मागील तीन अर्जांच्या पोचपावत्या.
२) नुकसान, दोन किलो. नमुना पिकलेला असल्याने निर्णय लवकर व्हावा.