संगणक जोडण्याआधीचा महिना

१२ सप्टेंबर १९९७, पेण
बारावीच्या वर्गात खडू पुन्हा सुटला. या आठवड्यात तिसऱ्यांदा. वाकून उचलला, डाव्या हाताने. पुढच्या बाकावरच्या मुली हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं.
पनवेलचे डॉक्टर म्हणाले, नस. उजवा अंगठा आणि दोन बोटं. वाढेल की इथेच थांबेल, सांगता येत नाही.
कादंबरी एकशे चाळिसाव्या पानावर. शेवटच्या पानावरचं अक्षर मलाच लागत नाही.
कळ दाबायला एक बोट पुरतं. संगणक घ्यायचा.

१४ सप्टें.
तयार आणला तर विचारतील, मास्तर, कशाला? सुटे भाग आणून स्वतः जोडला तर म्हणतील, हौस. म्हणून जोडायचा. शिवाय बघायचंय, हा हात अजून स्क्रू—
सुलभाला सांगितलं नाही. बायकोला डॉक्टरांचं नाव काढलं की झोप लागत नाही. आईला तर नाहीच.

१७ सप्टें., रोहा
कॉलेज सुटल्यावर एसटीने रोह्याला, मग पूल ओलांडून अष्टमीला, दादाकडे. तो कंपनीत इन्स्ट्रुमेंट विभागात आहे. यादी त्यानेच लिहून दिली. कॅबिनेट, मदरबोर्ड, हार्ड डिस्क, फ्लॉपी. अक्षर मोत्यासारखं.
"मी जोडून देतो. तू चहा पाज."
"मीच जोडणार."
"मास्तर, स्क्रूला व्याकरण नाय लागत. पिळावा लागतो."
वहिनी हसली. मी हात खिशात घातला.

२७ सप्टें.
मुंबईहून सगळं आणलं. एसटीत मदरबोर्ड मांडीवर, रुपेरी पिशवीत. दुकानदाराने दोनदा बजावलं: वीजपुरवठ्याचे दोन प्लग, काळ्या तारा मधोमध, एकमेकींना लागून. उलटे लावले तर बोर्ड जळतो.
आईने विचारलं, काय आणलंस? मशीन, म्हणालो. एवढंच.

३० सप्टें.
दादाने कंपनीच्या भंगारातला मेलेला बोर्ड दिला, सरावाला. जंपर म्हणजे प्लॅस्टिकचं टोपण, तांदळाच्या दाण्याएवढं. दोन पिनांवर बसवायचं. वीस वेळा प्रयत्न केला. चारदा बसलं. मग जमिनीवर चाचपडत होतो तर सुलभा दारात.
"काय हरवलं?"
"टोपण."
तिने लगेच शोधलं. बसवूनही दिलं. मग म्हणाली, "आमटीची वाटी डाव्या हाताने घेता हल्ली. मला वाटलं, रुसलात माझ्यावर."
डॉक्टरांचं सांगितलं. ती भांडी घासायला गेली. बराच वेळ घासत होती.

५ ऑक्टो.
दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी जोडायचं. रविवार, दादाला सुट्टी. टेबल खिडकीपासून आत ओढलं. शेजारच्या गणपतीच्या कारखान्यातून प्लास्टरची धूळ येते.
सराव: विसात सात.
परवा प्राचार्य म्हणाले, फळ्यावर लिहीत नाही म्हणे तुम्ही हल्ली. म्हणालो, मुलांनी ऐकून लिहावं. नव्या वेळापत्रकात माझे दोन तास कमी.

११ ऑक्टो., दसरा
दादाला सोनं देऊन संध्याकाळी अष्टमीहून परतलो. देवापुढे पाटावर मदरबोर्ड. पिशवीतून काढलेला. ओलं हळदकुंकू, झेंडू, मधोमध मिठाचा खडा, वर पाणी शिंपडलेलं. मिठागरात आईची माणसं दसऱ्याला फावड्यावर असाच खडा ठेवायची. मीठ विरघळून पिनांमध्ये उतरलं होतं.
ओरडलो. तिच्यावर, जन्मात पहिल्यांदा.
"मशीन हाय ना? मशीनची पूजा दसऱ्याला नाय तर कवा करायची?"
"पाणी चालत नाही याला!"
"तू सांगितलंस कंदी?"
मग हळू म्हणाली, "तुजा हात बरा व्हावा म्हणून केली रं. माला काय दिसत नाय?"
झेंडू उचलला. पाकळ्या चिकटल्या होत्या.

१२ ऑक्टो.
दादा आला, बोर्ड बघून दारातच बसला. मग बाजारात जाऊन स्पिरिट आणि ब्रश घेऊन आला. पिना घासल्या. दोन पिनांवर हिरवट डाग राहिला.
"चालेल?"
"लावल्याबिगर काय सांगू? आठ दिवस सुकू दे." मग आत तोंड करून, "आई, माझ्या मोटारसायकलला हळदकुंकूच घाल हां. मीठ नको."
आतून हसू आलं नाही. मी स्वयंपाकघरात गेलो. काय बोलायचं, ठरवलं नव्हतं. आई म्हणाली, जेवतोस का? अकरासुद्धा वाजले नव्हते. जेवलो.

१९ ऑक्टो., रविवार
ही नोंद सुलभाच्या अक्षरात. मी सांगतो, ती लिहिते.
नऊ ते एक जोडणी. स्क्रू अकरा, सगळे मी पिळले. जंपर मीच, तिसऱ्या प्रयत्नात. हार्ड डिस्कची चपटी तारांची पट्टी खाचेत दाबताना अंगठा गेला. दुखला नाही. नुसता राहिला नाही.
"दादा, तू लाव."
त्याने माझ्याकडे बघितलं. चेष्टा केली नाही. पट्टी लावली, प्लग लावले. बटण दाबायचं तेवढं उरलं होतं, लाईट गेली.
तेव्हापासून पेन धरवत नाही. थकवा असेल.
आई दोनदा विचारून गेली, चालणार ना रं? तिला मी—
"वाक्यं पुरी सांगा," सुलभा म्हणते. "अशी मधेच तोडता, मी काय लिहायचं?"
पुरं सांगतो. मला भीती वाटते आहे. मशीनची नव्हे.
तिने लिहिलं. वर बघितलं नाही.
सहा वाजले. दादा ओटीवर थांबलाय, आईशी बोलतोय. लाईट नाही.