आदरार्थी बहुवचन

४ मार्च, सोमवार

माळा आवरताना आई एकदा म्हणाली होती, जिला वर्षभर कोणी विचारलं नाही ती वस्तू घरात नको. त्याच दुपारी माझी भातुकली गेली.

आमचा लिंकर आईच्या वळणावर गेलाय. रुग्णाच्या खाटेशेजारी ठेवायच्या मशीनचं कर्नल, म्हणजे त्याच्या आतला मूळ प्रोग्रॅम, आम्ही लिहितो. कोडचे तुकडे जोडून एक फाइल करायची, हे लिंकरचं काम. साहेबांना ती फाइल लहान हवी, म्हणून त्याच्या आवराआवरीचा स्विच चालू केलाय. आता ज्या तुकड्याला दुसरा कुठलाच तुकडा बोलावत नाही, तो केरात. मी लिहिलेल्या अलार्मच्या तुकड्याला कोडमधलं कोणीच बोलावत नाही. रुग्णाचा श्वास अडकला की सेन्सरची तार त्याला थेट उठवते. लिंकरला तारा दिसत नाहीत.

उपाय सोपा. लिंकरच्या फाइलमध्ये ‘कीप’, म्हणजे राखून ठेव, असं लिहून पुढे अलार्मचं नाव घालायचं. चुटकीसरशी होईल. शुक्रवारी डेमो आहे. अलार्म वाजला नाही तर साहेब बाहेरच्या कंपनीचा घेणार आणि मला मॅन्युअल लिहायला बसवणार. बसवोत बापडे. वाजणारच आहे.

५ मार्च

कीप लिहायचं राहिलं. टेबल आवरल्याशिवाय माझं डोकं चालत नाही. ऑफिसातली शेजारच्या टेबलावरची चष्मेवाली म्हणाली, ताई, मी एकदा नजर टाकू का? म्हटलं, तू दोन वेण्या घालून शाळेत जात होतीस ना, तेव्हापासून हा अलार्म माझा आहे. बरं म्हणाली. गुणी मुलगी.

६ मार्च

कीप लिहिलं! एकही एरर नाही. फाइलही छान बारीक. साहेब म्हणाले, वा ताई, तुम्ही तर मशीनला डाएटवर ठेवलंत. कामाची पावती मिळाली की बरं वाटतं.

घरी ह्यांनी विचारलं, पण वाजला का? म्हटलं, एरर नाही म्हणजे ठीकच. हे म्हणाले, गॅस संपला तरी कुकर एरर देत नाही.

ह्यांना टेक्निकल काही कळत नाही.

७ मार्च

वाजवून बघणार होते. पण मशीन पुसूनबिसून खोक्यात गेलं होतं, ते पुन्हा कोण उघडायला लावणार?

ठराव: इथून पुढे प्रत्येक गोष्ट वेळेत वाजवून बघायची. सोमवारपासून.

८ मार्च, संध्याकाळ

साहेबांनी सेन्सर काढला. आकडे उतरले. लाल दिवा लागला. आवाज नाही.

साहेब म्हणाले, होईल हं. डेमो बघायला आलेले पाहुणे थांबले. एसीची घरघर तेवढी ऐकू येत होती. मी म्हटलं, स्पीकर. स्पीकर बदलला. म्हटलं, तार. तीही बदलली. एक पाहुण्या बाई हळूच म्हणाल्या, पेशंटनंही एवढा वेळ थांबायचं का?

मी टेबलाच्या कडेवरचा टवका नखाने खरवडत बसले.

९ मार्च, शनिवार

सापडलं. कोडमध्ये त्याचं नाव ‘अलार्म’. कीपपुढे मी लिहिलंय ‘अलार्म्स’. एक एस जास्त. लिंकरने त्या नावाचं काही आहे का बघितलं, काहीच नव्हतं. मग तेच, म्हणजे काहीच नाही, त्याने इमानदारीत राखून ठेवलं. आणि माझा अलार्म केरात.

ह्यांना सांगताना रडू फुटलं. हे म्हणाले, अगं, इतकी वर्षं सोबत राहून तू त्याचं आदरार्थी बहुवचन केलंस. मग स्वतःच उठून चहा ठेवला. साखर विसरले. मी तसाच प्यायले.

साहेबांची मेल आलीय. ताई, तुमच्या अनुभवाचा मॅन्युअलला फार उपयोग होईल. तुमची अलार्मची फाइल सोमवारी काढून टाकतोय.

ऑफिसात मला सगळे ताई म्हणतात, तुम्ही म्हणतात. कामासाठी हाक मात्र कोणी मारत नाही, हे आत्ता हे लिहिताना लक्षात आलं.

साहेबांना मेसेज पाठवला: तो एस काढलाय. फाइल काढायच्या आधी मशीनवर एकदाच वाजवून बघू द्याल? डेमोसाठी नाही, मला ऐकायचाय. नाहीच म्हणणार असाल, तर निदान एकेरीत म्हणा.