पायरीच्या वासाचा गांजा

केंब्रिज, ३ मार्च २०२५

ती. दादास,
शाल्मलीचा सा. न. वि. वि.

तुझी पाठ कशी आहे? आई ईलिंगला बरी आहे. जेलमधलं जेवण तुला पचतं का, एवढंच सारखं विचारते. माझ्या ऱ्हस्वदीर्घांना हसू नकोस.

एक सांगायचंय. पोलिसांनी तुझ्या लॉफ्टमधली गांजाची झाडं नेली, पण बियांची बरणी राहिली होती. ती मी उचलली. इथे लायसन्स घेऊन पेशंटांसाठी गांजा लावतात. या ग्रीनहाऊसमध्ये नोकरी लागल्यावर मी त्यातल्या दहा बिया दिल्या आणि हा क्रॉस, म्हणजे संकर, माझाच आहे म्हणून सांगितलं. काय झाड आलंय रे दादा! बुटकं, रुंद पानांचं, थंडीत जांभळं पडणारं. फूल चुरडलं की आधी पिकलेल्या पायरीचा वास, मग संत्र्याची साल, आणि अगदी शेवटी जरासं रॉकेल. मला प्रमोशनही मिळालं.

आता या नव्या जातीच्या रजिस्ट्रेशनचा फॉर्म आलाय. जात कुणी तयार केली, त्या रकान्यात मी माझं नाव लिहिलंय. महिनाअखेर तो जाईल. खरं सांगितलं तर नोकरी जाईल. लाज वाटते. तू म्हणशील तसं करते.

रागावलास तरी माया आटू देऊ नकोस.
तुझी शालू

जेलमधून, १४ मार्च

चि. शालूस,
अनेक आशीर्वाद.

पाठ बरी आहे. तुझे ऱ्हस्वदीर्घ भयंकर आहेत.

फॉर्ममध्ये या जातीचं मूळ विचारलं असेल तर लिही: आई हॉलंडची बुटकी, बाप केरळचा उंच देशी. सहा वर्षं निवडत होतो. केमोनंतर बाबांना अन्नाचा वास सोसायचा नाही. या फुलाचा वास आला आणि त्यांनी आमरस मागितला, म्हणून हेच झाड ठेवलं. पुढे विकायला लागलो तो गुन्हा माझा, तो फेडतोय.

'राहू दे, तुझंच नाव ठेव' असं मी म्हणेन, असं वाटलं ना तुला? लहानपणापासून मी तेच म्हणत आलोय. या वेळी नाही म्हणणार. त्या झाडाखेरीज माझ्या हातून काही धड झालेलं नाही. ते माझं आहे.

आईला आणि स्वतःला जप.
तुझा दादा

केंब्रिज, २८ मार्च

ती. दादास,
सा. न.

तुझं पत्र वाचून आधी राग आला, मग खूप रडले. काल फॉर्म परत मागितला आणि तुझं नाव लिहिलं. माझी मॅनेजर सारा हिने विचारलं, हा नकुल कोण? मी म्हणाले, "माझा भाऊ. तो जेलमध्ये आहे."

ती म्हणाली, "पण तू तर एकुलती एक आहेस ना?"

दोन वर्षं मी इथे सगळ्यांना तेच सांगत आले होते, दादा.

त्यांनी माझा ग्रीनहाऊसचा पास काढून घेतलाय, चौकशी होईल. गुरुवारी भेटायला निघतेय. नाव पुकारलं की बाहेर येशील ना?

तुझी बहीण,
शाल्मली