कंपुटरातली म्हैस

४ जानेवारी १९९३
आज बी डेअरीवर कडूबाईचं दूध माझ्या आधी मापलं. राम राम सोडाच, सरकून जागा बी दिली न्हाई. धाकली जाऊ हाय, पर तोरा थोरलीचा. एका म्हशीचं एवढं दूध कुटं असतंय? पाणी तरी असंल, न्हाई तर दुसऱ्याचं दूध आपलं म्हणून घालायलीय. छडा लावणार म्हंजे लावणार.

९ जानेवारी
म्हशीच्या कानात नंबरचा बिल्ला मारणारा साहेब आला. मालकाचं नाव इचारायला. आपलं जनावर नावानिशी सांगावं म्हंजे नजरेला आवतनच. मी म्हणलं, ही कडूबाईची. नजर लागायचीच तर तिला लागंल. साळा चौथीपतुरच शिकले, पर डोकं हाय.

१७ जानेवारी
डेअरीत कंपुटर आलाय. चालवायला आपलीच दैवशाला, थोरल्या लेकाची पोर, परभणीला शिकून आलेली. म्हणाली, आजी, ह्यात दोन तक्ते हाईत. एक जनावराचा, बिल्लेवाल्या साहेबाच्या यादीवरनं भरलेला, आन एक दुधाचा. दूध लिहिताना कंपुटर आधी जनावराच्या तक्त्यात बघतो. बिल्ला आन मालक जुळला न्हाई तर एंट्री घेतच न्हाई.
माझ्यासारखंच हाय यंत्र. कोणावर इश्वास न्हाई. कडूबाई, आता सापडलीस.

१९ जानेवारी
दैवशालेला बसवून नियम घालायला लावले. मालकाचं नाव रिकामं चालणार न्हाई. एका म्हशीला एकच मालक. आन मालक बदलायचा तर जुन्या मालकानं सोता येऊन हो म्हणायचं. न्हाई तर कडूबाई रातोरात कोणाची बी म्हैस आपली करंल.
दैवशाला म्हणाली, आजी, नियम एकदा घातला की तुला बी लागू. मी म्हणलं, मला कशाचं भ्या?
चेरमन सिताराम म्हणाले, चतुराबाई, तुमी मामलेदारच व्हायला पायजे होतं. तोंडावर पंचा धरून म्हणाले. सर्दी असंल.

१ फेब्रुवारी
नियम सुरू. कडूबाईचं दूध घेतलं! तिच्या नावावर दोन म्हशी हाईत म्हणं. दुसरी कवा घेतली? भिंतीला भिंत असून मला पत्ता न्हाई. लय आतल्या गाठीची.
माझं दूध परत. बिल्ला बराबर, पर मालक कडूबाई म्हणं. शक होताच. परवा तिनं दैवशालेला गरम धपाटं दिलं होतं. फुकट देईल का ती?

२ फेब्रुवारी
दैवशालेला म्हणलं, नाव बदल. म्हणाली, धाकल्या आजीनं येऊन हो म्हणलं तरच. नियम तुझाच. घरची पोर, आन बोलती कशी!
मी कडूबाईच्या पाया पडणार न्हाई. दही लावलं.

५ फेब्रुवारी
घरात दहीच दही. लेक ताटावरून उठून गेला.

६ फेब्रुवारी
कडूबाईला सांगावा धाडला. आली. म्हणाली, अक्का, हो म्हणायला येते की सवडीनं. तवर दूध माझ्या नावानं घाला. म्हैस ऱ्हाऊ द्या तुमच्याच दारात, शेण तुमीच चांगलं काढता.
जाताना म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला. मालकिणीवानी. म्हैस बी मान घालून उभी! तिला बी धपाटं दिलंय का काय.

७ फेब्रुवारी
दूध घातलं. कडूबाईच्या नावानं. रांगेत तिच्या मागं.
ह्या सगळ्याचा जबाब त्या बिल्लेवाल्या साहेबानंच द्यायचा. एक बाई दारात उभी राहून सांगती, आन हा लिहून घेतो? खरं-खोटं बघायला नको?