चारनंतरचा उपग्रह

३ एप्रिल ९५
काळेकाकांनी जिन्यातच गाठलं. राहतात खाली, चिटणीस व्याख्यानमालेचे. "अहो जोशीबाई, रशिया मोडीत निघाला. आता त्यांचे उपग्रह कोण ऐकणार? संगणकवाला वक्ता मिळतोय, तुमचा दिवस त्याला देतो म्हणतो." आयुष्यभर खडकीला रशियन कागदांची भाषांतरं केली. आता टेबल आहे, काम नाही. हा एक दिवस तरी माझा. सोडणार नाही.

५ एप्रिल
व्याख्यान पुन्हा मांडलं. मुद्दा एकच: वर गेलेलं परत कसं आणायचं. रशियनांनी यानाचा आकारच सरळ गोळ्याचा ठेवला. कसाही हवेत शिरो, जड बाजू आपोआप खाली वळते. आधी आत माणूस. मग त्याच गोळ्यात हेरगिरीचा कॅमेरा, मग उंदीर-माकडं, मग धातू वितळवायची भट्टी. पुढे कॅमेऱ्यांसाठी शंकूच्या आकाराचं नवं यान आलं, आता तर फोटो वरूनच पाठवतात. तरी गोळा उडतोच आहे. हे म्हणाले, "आपल्या स्कूटरसारखं. आतलं सगळं बदललं, पत्रा तोच." मी चिडले, पण उदाहरण घेतलं.

८ एप्रिल
प्लॅस्टिकचा चेंडू कापून आत एका बाजूला कणीक थापली. वर रुमालाची छत्री. दुपारी गच्चीवरून टाकला, कारण तेव्हा खाली कुणी नसतं. का नसतं, ते डोक्यातच नाही. त्यात छत्री बांधली जड बाजूला! दोऱ्या गुंडाळल्या, रुमाल उघडलाच नाही. गोळा धाडकन काकांच्या पत्र्यावर, ऐन वामकुक्षीत. काका बनियनवर बाहेर. "रशिया कोसळला हे पेपरात वाचलं होतं, बाई. आमच्याच पत्र्यावर?"
मेल्याहून मेल्यासारखं झालं. गेलं व्याख्यान.

९ एप्रिल
गोळा मागायला गेले. काका टेबलावर तो बोटाने ढकलत बसलेले. दर वेळी जड बाजू खाली.
"आत काय?"
"कणीक."
"आणि त्यांच्यात?"
"यंत्रं. बाहेरचा थर जळतो, आतलं शाबूत."
पुन्हा एकदा ढकलला. मग मी बघतेय हे त्यांच्या लक्षात आलं. "त्या संगणकवाल्याला अजून कळवलेलं नाही. उद्या टाकून दाखवा. चारनंतर."

१० एप्रिल
छत्री हलक्या बाजूला. कणीक ताजी. वारा जरा जास्तच. काका अंगणात खुर्ची टाकून बसलेत, बरोबर समितीचे आणखी दोघे. हे विचारतात, "नाही उघडली तर?"
तर उद्या पुन्हा टाकीन.
चार वाजले. जाते वर.