पाठकोऱ्या कागदांवरचा सर्व्हर

मंगळवार, १६ सप्टेंबर २०२५. सकाळी ६.४०
आजपासून रोजनिशी. प्रकल्प हाती घेतला की नोंदी ठेवायच्या, ही छत्तीस वर्षांच्या सरकारी नोकरीची सवय. नवी वही आणलेली नाही. कपाटावर पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा धूळ खात पडला होता. एका बाजूला काहीतरी छापलेलं, दुसरी कोरी. आपल्याला कोऱ्या बाजूशी मतलब. कागद वाया घालवणाऱ्यांचा मला संताप येतो.

त्याहून मोठा संताप कॉम्प्युटरचा. सुरू केला की रोज तीच पाटी: विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबरला संपणार. बरं, ११ टाकतो म्हटलं तर म्हणे, हा पीसी पात्र नाही. अपात्र! २०१४ साली एकेक पार्ट पारखून मी स्वतः जोडलेलं मशीन!

डॉस बरा होता. काळा पडदा, पांढरी अक्षरं. सांगाल तेवढंच करायचा आणि गप्प बसायचा. ९५ ला खिडक्या आल्या, ९८ ला निळा पडदा, एक्सपीने हिरवं कुरण दाखवून जरा बरं वागवलं. व्हिस्टाचं नाव या घरात काढायचं नाही. ८ मध्ये स्टार्टचं बटणच पळवलं. चोर लेकाचे.

निर्णय: लिनक्स. तेही साधं नाही, सर्व्हर. आपल्या मराठी मंडळाची सगळी घरं त्याला जोडायची. पंधरवड्याचं काम.

बुधवार, १७ सप्टेंबर
वैजयंतीला योजना सांगितली. तिने एवढंच विचारलं, माझ्या फायलींचं काय?

बायकोला नवऱ्यापेक्षा फायली जास्त. नऊ वर्षं मंडळासाठी आठवणी गोळा करते आहे. छप्पन साली राजधानी बदलली आणि नागपूरहून कचेऱ्या भोपाळला आल्या, त्यांच्याबरोबर जी कुटुंबं आली त्यांच्या. तेवीस जण. त्यांचं बोलणं रेकॉर्ड करून कॉम्प्युटरवर चढवायचं, रेकॉर्डर रिकामा करायचा, मग ऐकत ऐकत टाइप करायचं. त्यातले चौदा आता नाहीत. माझी आईही नाही. दिवाळीला पुस्तक निघायचं आहे, पंधरा ऑक्टोबरला मजकूर छापखान्यात. तिचं मराठी टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर याच मशीनवर चालतं, म्हणून सगळं याच्यातच.

तिचं म्हणणं, पुस्तक होऊ दे, मग काय ते करा. मी म्हणालो, तोवर सपोर्ट संपेल, फायली माझ्यावर सोड. ती कुकर लावायला उठली. मूक संमती.

गुरुवार, १८ सप्टेंबर
पुण्याहून जावई कौस्तुभचा फोन. वैजयंतीने चुगली केलेली दिसते. म्हणाला, बाबा, आधी सगळं क्लाउडवर टाका, दोन कॉप्या ठेवा. मला शिकवतो! ढगात ठेवायचं म्हणे. मी आठव्या वर्षी रेडिओ खोलून जोडला होता. रात्रभर ठेवला, सकाळी वाजला. आई साक्षीला होती. तेव्हा याचे वडील तरी शाळेत जात होते का?

या घरातला मिक्सर, इस्त्री, गीझर, सगळं मीच दुरुस्त करतो. माझा अनुभव असा की यंत्र जोडल्यावर लगेच चालत नाही. त्याला सेटल व्हायला एक रात्र लागते. दुसऱ्या दिवशी आपोआप चालतं. हे कौस्तुभच्या कंपनीत कोणाला माहीत नसेल.

रविवार, २१ सप्टेंबर
कॅबिनेट उघडलं. आत धुळीचा उंदीर. प्रोसेसर तापू नये म्हणून लावलेली जुनी थर्मल पेस्ट काढून नवी लावली. पुसायला फडकं मिळेना (घरात एक वस्तू जागेवर नसते!), गठ्ठ्यातला एक कागद वापरला. टेबल डुगडुगत होतं, पायाखाली दुसरा. जोडल्यावर दोन स्क्रू उरले. कंपनी जास्तीचेच देते.

सगळ्या फायली पेनड्राइव्हवर घेतल्या. एक कॉपी पुरे. दोन कॉप्या ठेवणं म्हणजे स्वतःवर अविश्वास.

मंगळवार, २३ सप्टेंबर
लिनक्सची तालीम पेनड्राइव्ह नंबर दोनवरून. एक कमांड दिली. उत्तर आलं की तुम्हाला अधिकार नाही, आणि हा प्रकार वर कळवला जाईल.

कोणाला कळवला जाईल? छत्तीस वर्षांत माझ्या गोपनीय अहवालात एक काळा शेरा नाही! डोकं भणभणलं. दुपारी झोप आली नाही. कौस्तुभला सहज विचारलं की असे अहवाल नेमके कुठे जातात. तो फोन बाजूला धरून हसला. ऐकू आलं मला.

बुधवार, १ ऑक्टोबर. खंडे नवमी
पाटावर शस्त्रं मांडली. स्क्रूड्रायव्हर, पक्कड, कीबोर्ड, माउस आणि मधोमध फायलींचा पेनड्राइव्ह. हळदकुंकू, अक्षता, झेंडूची फुलं. वैजयंती म्हणाली, पेनड्राइव्ह डबीत ठेवा ना. मी म्हणालो, तोच तर मुख्य शस्त्र आहे, त्यालाच पूजेतून वगळू? पाटाला कोणी हात लावायचा नाही, हेही बजावलं. टेक्निकल वस्तू आहेत.

गुरुवार, २ ऑक्टोबर. दसरा
सकाळी उत्तरपूजा. निर्माल्य मीच गोळा केलं, घरात बाकी कोणाला शिस्त नाही. निर्माल्याची गाडी वेळेवर आली, पिशवी दिली. साडेतीन मुहूर्तांपैकी एक, म्हणून अकराला इन्स्टॉल सुरू. डिस्क पुसायची का, असं त्याने दोनदा विचारलं. दोनदा हो म्हटलं. एकदा ठरवलं की वसंत मागे हटत नाही.

संध्याकाळी ५. पेनड्राइव्ह सापडत नाही.

५.४०. पाट उलटा करून पाहिला.

६.१५. पेनड्राइव्ह पिवळा होता. झेंडूही पिवळा. पिवळा पेनड्राइव्ह बनवणाऱ्या माणसाला भर चौकात उभं केलं पाहिजे!

शुक्रवार, ३ ऑक्टोबर
निर्माल्याच्या गाडीचा माग काढत फिरलो. ड्रायव्हर म्हणाला, बाबूजी, कल का तो कल ही खाद के गड्ढे में चला गया. एरवी कुठलं सरकारी काम त्याच दिवशी होत नाही. नेमकं हेच झालं.

वैजयंतीने विचारलं, झालं का? सांगितलं, सर्व्हर सेटल होतो आहे.

शनिवार, ४ ऑक्टोबर
सर्व्हर सुरूच होत नाही. काळा पडदा, पांढरी अक्षरं. पाहून क्षणभर बरं वाटलं. डॉसची कमांड टाइप केली. म्हणतो, ओळखत नाही. कृतघ्न.

लिनक्स परत टाकलं. परत पुसायचं का, विचारलं. हो म्हटलं. आता पुसण्यासारखं उरलं होतं काय?

सोमवार, ६ ऑक्टोबर. कोजागिरी
मंडळात मसाला दूध. सचिव अमृताने सगळ्यांसमोर सांगितलं की वसंतकाका आपल्याला सर्व्हर करून देताहेत. टाळ्या. दूध अर्धंच ठेवलं. साखर जास्त होती.

मंगळवार, ७ ऑक्टोबर
कॅबिनेट रिक्षात घालून नेहरू नगरच्या मार्केटमध्ये अमितच्या दुरुस्तीच्या दुकानात नेलं. त्याने तासभर तपासलं. म्हणाला, अंकल, दो बार लिख दिया ऊपर से, अब इसमें पुराना कुछ नहीं है. म्हटलं, नीट बघ. म्हणाला, देख लिया अंकल. आणि निघताना विचारतो, मिक्सर ठीक चल रहा है ना?

याला आमचा मिक्सर काय माहीत? आगाऊ.

बुधवार, ८ ऑक्टोबर
सांगून टाकलं. मोठ्या आवाजात सांगितलं, म्हणजे दोष कोणाचा हे स्पष्ट व्हावं. कंपनीचा, झेंडूचा, कौस्तुभचा (त्याने ठामपणे सांगायला हवं होतं), पाटाचा. वैजयंतीने पोळी तव्यावरून काढली, गॅस बंद केला. म्हणाली, आईंचा आवाज त्यातच होता.

मग आत जाऊन अमृताला फोन लावला. पोळी कच्चीच राहिली.

शुक्रवार, १० ऑक्टोबर
अमृताने मार्ग काढला. वैजयंतीने टाइप झालेली आठवण छापून त्या त्या घरी तपासायला दिली होती, प्रत्येकाला आपापली. मंडळाच्या ग्रुपवर निरोप गेला आणि तुलसी नगर, शिवाजी नगर, कोटरा, सगळीकडून कागदांचे फोटो यायला लागले. लोकांनी पाच-पाच वर्षं जपून ठेवलेले! एकाने तर लॅमिनेट केलेलं. संध्याकाळपर्यंत बावीस आठवणी जमा. बायका मोबाइलवर टाइप करायला बसल्यासुद्धा.

सर्व्हरचं एकाने विचारलं नाही. इतकी उपेक्षा मी नोकरीतही सोसली नाही.

राहिली एक. आईची.

रविवार, १२ ऑक्टोबर
वैजयंती म्हणते, आईंची प्रिंट तुम्हाला दिली होती. २०१९ च्या डिसेंबरात, तपासायला. घरचीच म्हणून दुसरी काढली नाही. अकरा पानं. तुम्ही म्हणालात, बघतो.

साफ खोटं. मला दिलेला कागद हरवत नाही. माझी फायलिंगची पद्धत अख्ख्या कार्यालयात प्रसिद्ध होती. आईची आठवण माझ्याकडे असती तर मी वाचली नसती का? आई गेली तेव्हा तरी?

कपाट, पलंगाखालची पेटी, माळा. नाही.

सोमवार, १३ ऑक्टोबर. दुपारी
वैजयंतीने विचारलं, तुम्ही रोज लिहिता ते कशावर?

पाठकोऱ्यांवर, म्हणालो. तिने हात पुढे केला. मी कागद उलटा केला.

सापडेल तो नवा कागद घेऊन हे लिहितो आहे. बाकीचे ती घेऊन गेली. टेबलाच्या पायाखालचाही काढला, सातवं पान निघालं. चौथं नाही. चौथ्याने मी थर्मल पेस्ट पुसली.

मंगळवार, १४ ऑक्टोबर. सकाळी ७.२०
कागद टेबलावर परत आले आहेत. छापलेली बाजू वर. दहाच्या दहा पानं वाचली. सहा वर्षांत पहिल्यांदा.

नवव्या पानावर आई म्हणते: “आमच्या वसंताने आठव्या वर्षी रेडिओ खोलला. जोडला तर दोन स्क्रू उरले अन् रेडिओ मुका. पोट्टं रडकुंडीला आलं. मी म्हटलं, राहू दे रात्रभर, बसते आपोआप. पहाटेच पदराखाली घेऊन शेजारच्या क्वार्टरमधल्या रमेशभाऊंकडे गेले, त्यांनी नीट करून दिला. सकाळी वाजला तर पोराचा चेहरा असा फुलला बाप्पा, की खरं सांगायचा धीरच झाला नाही. मग तेच चालू राह्यलं. आता सूनबाईला सांगून ठेवलंय.”

स्वयंपाकघरात गेलो. वैजयंती मेथी निवडत होती. विचारलं, मिक्सर? म्हणाली, अमित. इस्त्री? अमित. गीझर? दोनदा. तुम्ही फिरायला गेलात की येतो.

मी भयंकर चिडलो. कोणावर, ते ठरेना. रमेशभाऊ केव्हाच गेले. आई गेली. अमितने पैसे घेऊन काम केलं, त्याचं काय चुकलं? तिने मेथीची अर्धी जुडी माझ्यापुढे सरकवली.

निवडता निवडता विचारलं, चौथ्या पानावर काय होतं. म्हणाली, तुमचा जन्म. नागपूरहून आल्यावर तिसऱ्या वर्षी, क्वार्टरात पंखाही नव्हता. मला आठवतं तेवढं सांगते, तुम्ही लिहून घ्या. कोऱ्या वहीत.

दहाला अमृता येऊन आईच्या पानांचे फोटो काढणार आहे. अमृताने मागची बाजू वाचू नये, असं मी म्हणालो. वैजयंती म्हणाली, तिचं माहीत नाही, मी काल वाचली. पाहतो तर खरंच, शुद्धलेखनाच्या चार चुका तिने पेन्सिलीने दुरुस्त केल्या आहेत. झेंडूच्या पानावर काहीच खूण नाही. तिथे कागद जरा ओला होऊन वाळल्यासारखा दिसतो.

कॉम्प्युटर बंद आहे. आजच सपोर्ट संपायचा होता, ती पाटी दाखवायलाही आता कोणी नाही.

८.०५. गीझर सकाळपासून थंड. स्क्रूड्रायव्हर काढला. परत ठेवला. वैजयंतीला सांगितलं, जरा फिरून येतो, तासभर तरी लागेल.